बांगड्याची पट्टी: ठिपका विझला तर काय समजायचं

बांगड्यासारख्या माशात हिस्टामिन हे विष झालंय का ते बघायची आमची ही पट्टी: माशाच्या पाण्याचा थेंब तिच्यावरच्या दोन ठिपक्यांवर टाकायचा आणि यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली बघायचं. ती नेलेल्या बऱ्याच जणांचा फोन येतो, ठिपका चमकतच नाही, पट्टी खराब दिलीत काय? तर आधी तेच सांगतो, या पट्टीत पहिला ठिपका चमकला म्हणजे बरं आणि तो एकटाच विझला म्हणजे माल गडबड.

बांगडा, तारली, कुपा बंदरात उतरून बर्फाविना उन्हात राहिला की त्याच्या मांसातल्या हिस्टिडिन या घटकाचं जिवाणू हिस्टामिन करून टाकतात. कल्ले लाल, डोळे चकचकीत, वासही नाही, तरी हे असू शकतं, आणि एकदा झालं की ना कालवण उकळून जात ना फ्रीझरमध्ये ठेवून. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंग खाजतं, आणि घरचे म्हणतात अ‍ॅलर्जी झाली.

दोन्ही ठिपक्यांत आहेत कार्बन डॉट्स, म्हणजे 10 नॅनोमीटरहून बारीक कार्बनचे कण. 2004 साली अमेरिकेत नॅनोट्यूबची (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) काजळी साफ करताना हे पहिल्यांदा सापडले (चुलीच्या काजळीला नावं ठेवणाऱ्यांनी ऐका!). आता लिंबातलंच सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात मिसळून जाड बंद भांड्यात 200 अंशांच्या आसपास काही तास तापवलं तरी होतात, पण घरच्या कुकरात करू नका, फुटेल. 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली आमचे डॉट्स निळे दिसतात.

पहिल्या ठिपक्यात सोबत डायअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे, ते हिस्टामिन फोडतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, ते पट्टीतल्या फेरस लोखंडाचं फेरिक (लोखंडाचंच दुसरं रूप) करतं आणि फेरिक डॉट्सना चिकटून उजेड खातं. हेच एन्झाइम कुजताना होणाऱ्या पुट्रेसिन-कॅडाव्हेरिनवरही चालतं, पण तो माल तरी कुठे ताजा म्हणायचा!

दुसरा ठिपका का, तर त्यात एन्झाइम नाही, म्हणून तो हिस्टामिनने विझत नाही. रक्त जास्त उतरलं की गढूळ पाणीच यूव्ही शोषून घेतं आणि दोन्ही ठिपके मंद होतात, मग पाणी वाढवून, गाळून परत थेंब टाका. फक्त पहिलाच विझला तर माल बाजूला काढा आणि लॅबला पाठवा, कारण युरोपला माल द्यायचा तर 9 नमुन्यांत 2 पर्यंतच किलोला 100 ते 200 मिलिग्रॅम हिस्टामिनच्या मधे चालतात, 200 वर एकही नाही, आणि तो आकडा डोळ्यांनी ठिपका बघून कळत नाही.

टॉर्च डोळ्यात मारू नका. पट्ट्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवा, माशांच्या बर्फाच्या पेटीत नको, ओल लागली की एन्झाइम गेलं.