वाऱ्याचे वेळापत्रक आणि गोव्यातील पोर्तुगीज वसाहतीची सुरुवात

पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षे राहिले. त्यामुळे ते मुलूख जिंकण्यासाठीच इकडे निघाले असावेत, असा समज सहज होतो. धर्मयुद्धाची भाषा त्यांच्या तोंडी होती हे खरे, पण जहाजे निघाली ती आधी आफ्रिकेतल्या सोन्यासाठी आणि गुलामांसाठी, नंतर मिरीसाठी. जमिनीची गरज त्यांना बऱ्याच अंशी वाऱ्याने लावली.

१४१५ मध्ये त्यांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे सेउता घेतले. १४३४ मध्ये जिल इयानिश या पोर्तुगीज खलाशाने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बोजादोरचे भूशिर ओलांडले. या किनाऱ्यावर वारा आणि प्रवाह दोन्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात, त्यामुळे खाली जाणे सोपे आणि परतणे कठीण. त्यावर तोड निघाली ती अशी : परतताना किनारा सोडायचा, खुल्या समुद्रात वायव्येकडे चढत अझोर बेटांच्या पट्ट्यापर्यंत जायचे आणि तिथले पश्चिमी वारे धरून घरी यायचे. कॅरावेल जहाजांची तिकोनी शिडे वाऱ्याला बरीच तिरपी लावता येत, म्हणून हे जमले. विषुववृत्ताखाली ध्रुवतारा दिसेनासा होतो. तिथे भर दुपारी अ‍ॅस्ट्रोलेबने सूर्याची उंची मोजून कोष्टकांवरून अक्षांश काढत. मात्र हलत्या डेकवर हे माप हमखास चुकते. म्हणून संधी मिळाली की उपकरण घेऊन किनाऱ्यावर उतरत.

वास्को द गामाने किनारा सोडण्याची हीच युक्ती दक्षिण अटलांटिकमध्ये वापरली. ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे आणि सुमारे १७० माणसे घेऊन तो लिस्बनहून निघाला. केप व्हर्द बेटांनंतर त्याने आफ्रिकेचा किनारा सोडला आणि जवळजवळ तीन महिने जमीन न पाहता समुद्र कापला. १५०० मध्ये काब्राल हा पोर्तुगीज कप्तान याच वळणावर आणखी पश्चिमेला गेला आणि २२ एप्रिलला त्याला ब्राझीलचा किनारा दिसला.

पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदराच्या पुढे मात्र शोधण्यासारखे काही उरले नव्हते. सोपारा, कल्याण आणि भडोच ही बंदरे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत नोंदलेली आहेत, आणि मोसमी वाऱ्यांवर समुद्र ओलांडण्याची रीतही. गामाने मालिंदीत माहीतगार वाटाड्या घेतला, २४ एप्रिल १४९८ ला निघाला आणि २० मे रोजी कालिकतला पोहोचला. चार आठवडेही लागले नाहीत.

परतीला त्याने वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑगस्टअखेर कालिकत सोडले, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजे दुरुस्त केली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आफ्रिकेची दिशा धरली. परतीला लागणारा ईशान्येचा मोसमी वारा अजून बसला नव्हता. कधी वारा पडलेला, कधी तोंडावरचा. जाताना महिन्याच्या आत झालेल्या ओलांडणीला आता जवळपास तीन महिने लागले. ताजी फळे-भाजी नाही, फक्त सुकी बिस्किटे आणि खारवलेले मांस. दोन-तीन महिन्यांत स्कर्व्ही होतोच : हिरड्या सुजून दातांवर चढतात, पाय सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. या एका टप्प्यात तीसेक माणसे मेली. प्रत्येक जहाजावर कामाला सात-आठ जणच उरले. शेवटी माणसांअभावी ‘साँव राफाएल’ हे जहाज जाळून टाकावे लागले.

यातून वेळापत्रक पक्के झाले. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मलबार वा गोवा गाठायचा आणि डिसेंबर-जानेवारीत परत फिरायचे. निघायला उशीर झाला तर मोझांबिक बेटावर महिनोन्‌महिने अडकायचे, आणि तिथला ताप माणसे खायचा.

वसाहतीचे मूळ मला जहाजे येणे आणि परत फिरणे यांमधल्या या तीन-चार महिन्यांच्या मुदतीत दिसते. जहाजे आल्यावर मिरी गोळा करायला घेतली तर भाव चढतो आणि वाराही निघून जातो. माल आधीच घेऊन ठेवायचा तर वर्षभर राहणारा माणूस हवा, म्हणजे वखार आली. १५०० मध्ये कालिकतची वखार हल्ल्यात नष्ट झाली, तेव्हा वखारीला तटबंदी हवी असे ठरले. १५०५ मध्ये पहिला व्हाइसरॉय अल्मैदा आला आणि अंजदीव, कण्णूर, कोची इथे किल्ले उभे राहू लागले. किल्ल्यांसाठी कायमचे आरमार आले. आरमाराला पावसाळ्यात सुरक्षित खाडी, लाकूड, सुतार आणि धान्य लागते.

गोव्यातल्या तिसवाडी बेटावर हे सारे होते : मांडवी आणि जुवारी या दोन नद्या, जहाजबांधणी आणि अरबी घोड्यांच्या आयातीची जकात. १५१० च्या पूर्वार्धात अल्मैदानंतरचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याने तिमय्या या स्थानिक सागरी सरदाराच्या मदतीने गोवे घेतले. मे महिन्यात आदिलशाही फौजेने ते परत घेतले. आरमार पळून जाऊ शकले नाही, कारण पावसाळी लाटांनी मांडवीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा बंद केला होता. ऑगस्टपर्यंत जहाजे नदीतच अडकली, दोन्ही काठांवरून मारा आणि पोटात अन्न नाही. उघाड मिळताच ती बाहेर पडली आणि २५ नोव्हेंबरला, कोरड्या हंगामात, आल्बुकेर्कने शहर पुन्हा जिंकले.

पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम दहा-बारा लाख. तिथून माणसे पुरेनात म्हणून आल्बुकेर्कने शिपायांना स्थानिक स्त्रियांशी लग्न लावून इथेच वसवले. त्यांना ‘कासादो’ (विवाहित) म्हणत. गावांचा कारभार मात्र गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेकडेच राहिला. १५२६ च्या फोराल या सनदेमध्ये तिच्या रीतीभाती लिहून घेतल्या गेल्या, कारण ठरलेला शेतसारा वसूल करून देणारी दुसरी यंत्रणा नव्हती. समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा झाला. त्यात जहाज, नाखवा, शस्त्रे, माल आणि मार्ग नोंदलेला असे. परवाना नसलेले जहाज जप्त होई.

पुढची वाढ झपाट्याने झाली. १५२१ मध्ये चौलला किल्ल्याचे काम सुरू झाले, १५३० मध्ये राजधानी कोचीहून गोव्यात आली, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाली आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटेही. १५४३ मध्ये गोव्यालगतचे बारदेश आणि साष्टी (मुंबईजवळची साष्टी नव्हे) जोडले गेले, तेव्हा खाडीकाठच्या वखारवाल्यांच्या हाती सलग शेतजमिनीचा मुलूख आला होता.