भांडं घेताना आधी ट्रॅप बघा

सांगलीत संडासचं भांडं घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग किंमत विचारतं. विचारायला हवं ते ट्रॅपबद्दल, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या बाकाबद्दल. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली अशा बाकाचं पेटंट घेतलं. बाकात पाणी अडून राहतं, साधारण 50 मिलिमीटर, आणि तेवढंच पाणी मैल्याचा वास घरात येऊ देत नाही.

जावळी-पाटणकडची बरीच घरं वर्षातले कित्येक महिने बंद असतात, माणसं मुंबईला. यात्रेला येऊन दार उघडलं की वास येतो आणि बोल बसतो भांड्याला. खरं तर बाकातलं पाणी आटलेलं असतं. दोन तांबे ओतले की भागतं. जाताना त्यावर थोडं गोडेतेल सोडलं तर पाणी आटायला वेळ लागतो.

कमोडमध्ये दोन तऱ्हा. वॉशडाऊनमध्ये पाणी वरून कोसळून मैला ढकलतं. वाट रुंद असते, म्हणून सहसा तुंबत नाही. सायफॉनिकमध्ये अरुंद, लांब बाक पाण्याने पूर्ण भरतो आणि मैला ओढला जातो. आवाज कमी, पण पाणी सढळ लागतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या जत-आटपाडीत मी तरी ते सुचवणार नाही. तिथे 3 आणि 6 लिटरचा दुहेरी फ्लश बरा. त्याहून बरं ग्रामीण भांडं. त्याचा उतार जास्त आणि बाकात पाणी फक्त 20 मिलिमीटर, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं.

हे भांडं दोन शोषखड्ड्यांना जोडतात. एक भरला की दुसरा सुरू करायचा; बंद खड्ड्यात दीड-दोन वर्षांत खत होतं. मुरमाड जमिनीत पाणी छान मुरतं. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ते मुरता मुरत नाही, म्हणून खड्डा मोठा घेऊन भोवती वाळू भरावी लागते.

आणि महापूर? ट्रॅप वायू अडवतो, पुराचं पाणी नाही. मैलापाइपातून ते उलटं वर चढतं आणि तळमजल्याच्या भांड्यातून बाहेर पडतं. नदीकाठी घर बांधणाऱ्याने निदान एक संडास वर घ्यावा, त्याचा पाइप तळमजल्याच्या लाइनला न जोडता वेगळा खाली आणावा. तिथे पी ट्रॅपचं भांडं घेतलं तर पाइप मागच्या भिंतीतून निघतो. एस ट्रॅपला मात्र स्लॅबला भोक पाडावं लागतं.