वनौषधी व सायकेडेलिक क्षेत्रातील करिअर (सातारा–सांगली)

वनौषधींची ओळख, लागवड, परीक्षण व त्यांपासून औषधनिर्मिती, तसेच सायकेडेलिक (जाणीव व संवेदना बदलणाऱ्या) द्रव्यांचे वैद्यकीय संशोधन, या कामांवर चालणारी उपजीविका. सातारा व सांगली जिल्ह्यांत यांतले पहिले काम प्रत्यक्ष रोजगार देते. दुसरे कायद्याने घट्ट बांधलेले आहे. त्यात शिरायची वाट प्रयोगशाळेतून किंवा मनोविकारशास्त्र विभागातूनच जाते.

या दोन जिल्ह्यांत पश्चिमेला महाबळेश्वर, कोयना, चांदोलीचे दाट पावसाचे जंगल आहे, तर पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हे कोरडे तालुके. जंगलात नरक्या हा लहान वृक्ष आढळतो. त्यातील कॅम्पटोथेसिन या अल्कलॉइडपासून (वनस्पतीत तयार होणाऱ्या क्षारधर्मी रसायनापासून) टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगावरील औषधे तयार होतात. या मागणीपायीच नरक्याची बेसुमार चोरटी तोड झाली. कोयना व चांदोली २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत आणि तिथून वनस्पती आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा गुन्हा आहे. त्यामुळे रानातून माल गोळा करून विकण्यावर करिअर उभे करण्याचा विचार सोडून द्यावा. रोपवाटिका व लागवड हाच टिकाऊ मार्ग.

पूर्वेकडच्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत अश्वगंधा चांगली येते. बी फोकून पेरल्यास हेक्टरी १० ते १२ किलो लागते. १५० ते १८० दिवसांनी पाने वाळू लागली व फळे लाल झाली की मुळांची काढणी करतात. पाणी साचले तर मूळ कुजते. काढणी लांबली तर ते काष्ठमय होते. मुळे लगेच धुऊन, ७ ते १० सेंमी तुकडे करून वाळवावीत. नीट वाळलेले मूळ मोडताना कट्‌कन तुटते, आत पांढरे व पिठूळ दिसते. वाकले तर ओल आहे. असा ओलसर माल पोत्यात भरला की बुरशी धरते. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानुसार अश्वगंधेत एकूण राख ७ टक्क्यांपेक्षा, अम्लात न विरघळणारी राख १ टक्क्यापेक्षा आणि परके पदार्थ २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. अल्कोहोलमध्ये उतरणारा अर्क किमान १५ टक्के लागतो. धुण्यात कसूर झाली की माती राहते आणि नमुना बहुधा अम्ल-राखेच्या चाचणीतच अडकतो. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीलाही अर्क काढणारे कारखाने दर देतात तो कुर्कुमिन या पिवळ्या घटकाचे प्रमाण पाहून.

या क्षेत्रात सर्वांत मोलाचे कौशल्य म्हणजे वनस्पतीची खात्रीलायक ओळख, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. ब्राह्मी म्हणून बाजारात नीरब्राह्मी व मंडूकपर्णी या दोन वेगळ्या वनस्पती येतात, शंखपुष्पीचेही तसेच. म्हणून प्रत्येक खेपेच्या मूळ झाडाचा हर्बेरियम नमुना (दाबून वाळवलेला नमुना) ठेवावा : फूल किंवा फळ असलेली फांदी, सुमारे २८ × ४२ सेंमी कागदावर मावेल एवढी. दाबून ठेवल्यावर पहिले काही दिवस कागद रोज बदलावे लागतात; पावसाळ्यात हे चुकले की पाने काळी पडतात. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तो जागीच लिहून ठेवावा. सोबत तारीख, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची. पडताळणीसाठी पुण्यातील भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ, आघारकर संशोधन संस्था आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जवळ पडतात.

नोकरीचा पाया मुख्यतः शेड्यूल टीमध्ये, म्हणजे औषध नियमांतील आयुर्वेदिक उत्पादनाच्या निकषांच्या अनुसूचीत, आहे. आयुर्वेदिक कारखान्याच्या गुणवत्ता विभागात आयुर्वेदाचा पदवीधर, रसायनतज्ज्ञ आणि वनस्पतितज्ज्ञ असावा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे बीएएमएस (इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे) व पुढे द्रव्यगुणात (आयुर्वेदातील औषधी द्रव्यांच्या विषयात) एमडी; बीफार्म (चार वर्षे), जीपॅट (एमफार्मसाठीची परीक्षा) व फार्माकॉग्नॉसीत (वनस्पतिजन्य औषधांच्या शास्त्रात) एमफार्म; किंवा वनस्पतिशास्त्र वा विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एमएस्सी, हे तिन्ही रस्ते चालतात. कराडचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय अशा संस्थांतून सुरुवात होऊ शकते. एचपीटीएलसी व एचपीएलसी ही नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणारी यंत्रे स्वतः चालवता येणाऱ्या उमेदवाराला नुसत्या पदवीपेक्षा जास्त विचारणा असते.

विषारी वनस्पतींचे काम वेगळ्या शिस्तीचे आहे. भांग, धोत्रा, बचनाग, कुचला ही शेड्यूल ई-१ मधील (त्याच नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीतील) द्रव्ये असून ती पोटात घेण्याच्या औषधात असतील तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लेबलवर छापावी लागते. धोत्र्याला हौशी लोक सायकेडेलिक समजतात, ते चूक आहे. त्यातील ॲट्रोपिन व स्कोपोलामाइनने माणूस भ्रमिष्ट होतो, ताप चढतो, लघवी अडते, प्रसंगी जीवही जातो. शिवाय प्रत्येक झाडात व प्रत्येक बियांत यांचे प्रमाण बदलत असल्याने ‘सुरक्षित मात्रा’ घरी ठरवताच येत नाही.

सिलोसायबिन, एलएसडी, डीएमटी व मेस्कलिन ही सायकेडेलिक द्रव्ये गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ खाली येतात. परवान्यासह वैद्यकीय व वैज्ञानिक कामालाच मुभा आहे. माणसांवरील चाचणीला २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, नीतिसमितीची मान्यता आणि सीटीआरआय (देशातील क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी लागते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सिलोसायबिन सत्रांच्या सहायकाला १२० तासांचे मुख्य प्रशिक्षण व वर ४० तासांचा सराव पुरतो. पण तो परवाना त्या राज्यापुरता आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून एमडीएमए (मनःस्थिती बदलणारे एक कृत्रिम द्रव्य) व सिलोसायबिन देण्याची मुभा दिली, तीही अधिकृत मनोविकारतज्ज्ञांनाच. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) एमडीएमए उपचाराला मान्यता नाकारून आणखी एक तिसऱ्या टप्प्यातील चाचणी मागितली. त्यामुळे ऑनलाइन ‘सायकेडेलिक गाइड’ प्रमाणपत्राला येथे कायदेशीर किंमत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत. त्याऐवजी एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्र किंवा जीसीपी (क्लिनिकल चाचण्या योग्य रीतीने घेण्याचे निकष) प्रशिक्षण घेऊन क्लिनिकल चाचणी समन्वयकाचे काम निवडावे. मिरजेतील रुग्णालयांच्या दाटीमुळे समन्वयकाच्या कामाचा अनुभव घरापासून फार लांब न जाता मिळवता येतो, आणि तो कोणत्याही औषधाच्या चाचणीत उपयोगी पडतो.