पावसाळी भटकंतीचे स्वस्त साहित्य

जुलै उजाडला की पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर चालणाऱ्यांची रीघ लागते. १६६० च्या जुलैमध्ये शिवछत्रपती पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, ती राजदिंडी, म्हाळुंगे, मसाई पठार अशी जाणारी वाट ऐन पावसातच चालायची असा रिवाज आहे, आणि म्हणून नवख्यांचा पहिला प्रश्न बहुधा साहित्याचा असतो. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो; पश्चिमेला घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. दुकानांत मिळणारे बरेचसे महागडे साहित्य मात्र थंड आणि कोरड्या प्रदेशांचा विचार करून घडवलेले असते. आपल्याकडची थंडी सौम्य असली तरी हवा बाष्पाने भरलेली असते, आणि अशा हवेत काही हजारांच्या वस्तू निकामी ठरतात, तर शे-दोनशे रुपयांच्या वस्तू चोख काम करतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘श्वास घेणारा’ रेनकोट. त्याच्या कापडात एक पातळ पापुद्रा असतो. तो पावसाचे थेंब अडवतो, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. ही वाफ आपोआप बाहेर पडत नाही, तर आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरक तिला ढकलतो. ३३ अंश सेल्सिअसला असलेल्या ओल्या त्वचेजवळ हा दाब सुमारे ५ किलोपास्कल असतो. बाहेर ५ अंशांची दमट हवा असेल, तर तिचा बाष्पदाब ०.९ किलोपास्कलच्या आत राहतो आणि फरक चारच्या वर जातो. पठारावरच्या २२ अंशांच्या धुक्यात मात्र बाहेरचा दाबच २.६ असतो, म्हणजे ढकलणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यातच तासन्‌तास पाऊस झेलून कापडाचा बाहेरचा थर भिजून चिंब झाला, की त्याच्यावर पाण्याचा पडदा बसतो आणि उरलासुरला मार्गही आक्रसतो. चालणारा घामाने आतून भिजतो आणि कोट गळतोय असे समजून दुकानदाराला शिव्या घालतो.

याउलट रोप लावणाऱ्या बायका डोक्यावर घेतात ती प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ पाहा. तिच्यातून वाफ अजिबात जात नाही, पण ती पुढून आणि खालून उघडी असते आणि प्रत्येक पावलाला हलते, त्यामुळे आतली दमट हवा सतत बदलत राहते. बांबू आणि पानांचे इरलेही याच तत्त्वावर चालते, कारण पाठीला ते चिकटत नाही. पाठीवरच्या सॅकसकट अंग झाकेल असा जाड कागद घेऊन तो कमरेला सुतळीने सैल बांधला, तर खोळीसारखी दुसरी सोय नाही. मसाई पठारावरच्या वाऱ्यात ती फडफडते, हा तिचा खरा दोष. छत्रीची मात्र तिथे पाहता पाहता काडी होते, त्यामुळे तिचा विचारच करू नये.

भिजायचे आहेच असे गृहीत धरले, तर पुढचा प्रश्न भिजल्यावर ऊब किती उरते, हा होय. पाणी स्थिर हवेपेक्षा २० पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून कपड्याच्या धाग्यांमध्ये हवा टिकते की पाणी भरते, यावर सारे अवलंबून असते. सुती धागा पाणी आत शोषतो, फुगतो आणि अंगाला चिकटतो. जीन्स पँट हा या दृष्टीने पावसाळ्यातला सर्वांत वाईट पोशाख आहे. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी घेत नाही (प्रयोगशाळेतील प्रमाणित हवेत त्याच्या वजनाच्या अवघा ०.४ टक्के ओलावा, तर सुताच्या बाबतीत ८ टक्क्यांच्या आसपास), त्यामुळे तो पिळला की लवकर सुकतो. कोल्हापुरात यासाठी वेगळी खरेदी करण्याचे कारण नाही, कारण पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी निम्म्या घरांत सापडते आणि ती नेमकी याच धाग्याची असते.

रात्रीसाठी लोकर हवी. घोंगड्यावर पाण्याचा एक थेंब टाकून जवळून पाहिले, तर तो पसरत नाही, मण्यासारखा गोल बसून राहतो आणि घोंगडे तिरके केले की घरंगळतो. लोकरीच्या धाग्याचा पृष्ठभाग स्निग्ध आणि खवल्यांचा असल्याने पाणी त्याला चटकन भिजवत नाही. पण धाग्याचा गाभा हवेतली वाफ आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत शोषतो आणि शोषताना थोडी उष्णताही सोडतो. शिवाय दख्खनी मेंढीची लोकर राठ असल्याने दाबली तरी तिच्यातली हवा पूर्ण निघून जात नाही. अंगाला टोचते, हे खरे. पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरांच्या खांद्यावर दिसणारे हे वस्त्र दोन दिवस पाठीवरून वाहायला मात्र जड पडते, म्हणून चालत जाणाऱ्याने जुना लोकरी स्वेटर आणि माकडटोपी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून नेणे शहाणपणाचे.

शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळात झोपताना पांघरुणापेक्षा अंथरूण अधिक महत्त्वाचे असते, कारण दगडी फरशी अंगातली उष्णता वहनाने सतत ओढून घेते आणि अंगाखाली दबलेले कापड तिला अडवू शकत नाही. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळणारा पॉलिथिलीन फोम इथे उत्तम. त्याचा कोपरा कापून पाहिला, तर बंद बुडबुड्यांची जाळी दिसते. प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र असल्याने हवा निसटत नाही आणि पाणीही शिरत नाही. गादीचा स्पंज याच्या उलट उघड्या छिद्रांचा असतो. तो ओल पितो, म्हणून स्वस्त असला तरी घेऊ नये.

राधानगरी-दाजीपूरचे जंगल एकेकाळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. आता तिथे बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन जातात, पण अंधारात डोळे सरावलेले ठेवण्याची शिकाऱ्यांची गरज निरीक्षकालाही असते. डोळ्यांतल्या दंडपेशी मंद प्रकाशाला पुरेशा संवेदनशील व्हायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या टॉर्चचा एक झोत ती सारी कमाई घालवतो. तांबडा प्रकाश या पेशींना फारसा जाणवत नाही. डोक्याच्या बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर रबराने अडकवले की काम भागते, आणि खुरवाल्या प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असल्याने त्यांनाही हा प्रकाश कमीच खुपतो.

पाण्याबाबत मात्र स्वस्ताईला मर्यादा आहेत. ओढ्याचे लाल पाणी मातीच्या कणांमुळे गढूळ असते. हे कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियमचे धनभारित आयन तो भार नाहीसा करतात आणि गाळ बसतो. नंतर जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून गाळावे. बांगलादेशातील खेड्यांमध्ये रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा घडीतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्यावर आले होते, कारण पटकीचे जिवाणू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात ते कापडात अडकतात. वारंवार धुतलेल्या साडीचे धागे पिंजून छिद्रे बारीक होतात, म्हणून तिथे जुनी साडी नव्यापेक्षा सरस ठरली. तरीही सुटे जिवाणू आणि विषाणू कापडातून सहज पार होतात. क्लोरिनचे थेंब टाकून अर्धा तास थांबल्यास त्यांतील बहुतेक मरतात. पण गुरे चरतात त्या पठारावरच्या पाण्यात असे परजीवी असू शकतात की जे क्लोरिनला दाद देत नाहीत. तिथे खळखळून उकळणे हाच उपाय. हजार मीटर उंचीवर पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळत असले, तरी एक मिनिट त्याला पुरते.

जळवा लागल्या, तर मीठ टाकू नये. त्याने जळू सुटते खरी, पण पोटातले काही जखमेत ओकू शकते. तोंडापाशी नख सरकवून ती सोडवावी. तिच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही, त्यामुळे नंतर बराच वेळ रक्त वाहिले तरी घाबरण्याचे कारण नसते.

काठीसाठी भरीव लाकडापेक्षा वेळू चांगला, कारण त्याचे बळकट तंतू बाहेरच्या कडेला दाट असतात आणि वाकण्याचा ताण तिथेच सर्वाधिक पडतो. उतारावर काठी टेकल्याने गुडघ्यांवरचा भार लक्षणीय कमी होतो. पैसे वाचवू नयेत ते बुटांवर, आणि तेही किमतीपेक्षा रबर पाहून. जांभ्याच्या खडबडीत पठारावर कोणताही तळवा चालतो, पण शेवाळलेल्या काळ्या कातळावर कडक प्लॅस्टिकचा तळवा घसरतो, तर मऊ रबर दगडाच्या बारीक उंचसखलपणात दबून पकड घेते. दुकानात तळव्यावर अंगठ्याचे नख रोवून पाहावे. खूण उमटून हळूहळू भरून आली, तर तो बूट घ्यावा. कोल्हापुरी चप्पल घरीच ठेवावी, कारण कमावलेले कातडे भिजले की फुगते आणि ओल्या दगडावर साबणासारखे निसटते.