व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ का भरकटायचं?

ऐरोली-रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये आज एकेका सर्व्हरवर कित्येक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेले संगणक, चालतात आणि त्यांच्या घड्याळांकडे सहसा कुणी ढुंकूनही बघत नाही. वीसेक वर्षांपूर्वी हे एवढं सोपं नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून लॅपटॉप आणायचा, त्यावर व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअर टाकायचं आणि आत लिनक्स शिकायचं, असं करणाऱ्यांना गेस्टचं, म्हणजे आतल्या मशीनचं, घड्याळ सुसाट पळताना किंवा रेंगाळताना हमखास दिसायचं.

या दुखण्याचं मूळ 1981 च्या आयबीएम पीसीपर्यंत जातं. वेळ मोजायला त्यात इंटेलची 8253 ही टायमर चिप होती आणि ती सेकंदाला 11,93,182 ठोके मोजायची. आकडा विचित्र वाटतो, पण तो अमेरिकी रंगीत टीव्हीच्या हिशोबातून आलेला आहे: पीसीतला 14.31818 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, भागिले 12. ठरावीक ठोके झाले की चिप प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायचा इशारा, पाठवायची आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे इशारे, म्हणजे टिक, मोजत बसायची. डॉसमध्ये सेकंदाला साधारण 18.2 टिक व्हायचे.

1993 मध्ये पेंटियम आला आणि सोबत टाइम स्टॅम्प काउंटर, म्हणजे टीएससी, घेऊन आला. प्रोसेसरच्या प्रत्येक सायकलला हा आकडा एकाने वाढतो आणि तो एका सूचनेत वाचता येतो. इतकं स्वस्त आणि बारीक मोजमाप हाताशी आल्यावर सगळ्यांनी त्याचंच घड्याळ केलं. त्यामागचं गृहीतक एकच, की प्रोसेसरचा वेग कायम राहतो.

लॅपटॉपच्या बॅटरीने ते गृहीतक मोडलं. बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करणारं इंटेलचं स्पीडस्टेप 2000 मध्ये आलं. 2003 चा 1.7 गिगाहर्ट्झचा पेंटियम एम काम नसलं की 600 मेगाहर्ट्झवर उतरायचा आणि टीएससीही त्याच्याबरोबर मंदावायचा. आता समजा, व्हीएमवेअरने सुरू होताना वेग मोजला तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर, 600 मेगाहर्ट्झवर होता आणि नंतर चार्जर लावल्यावर वेग वाढला. काउंटर सेकंदाला 170 कोटींनी वाढतोय आणि हिशोब 60 कोटींचा चाललाय! खऱ्या एका मिनिटात गेस्टमध्ये 2 मिनिटं 50 सेकंद उलटायची. उपाय होता होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनच्या, कॉन्फिग फाइलमध्ये तीन ओळी घालण्याचा: एकीत प्रोसेसरचा कमाल वेग किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे 1700000, आणि उरलेल्या दोनांत टीएससीवर विसंबू नकोस असा हुकूम.

सर्व्हरवरचा त्रास वेगळा होता. लिनक्स 2.4 सेकंदाला 100 टिक मागायचा, 2.6 ने ते थेट 1000 केले. पाच गेस्ट असले तर निष्क्रिय असतानाही सेकंदाला 5000 इंटरप्ट. गेस्टला प्रोसेसर मिळेपर्यंत टिक साचायचे, मग हायपरव्हायझर, म्हणजे गेस्ट चालवणारं सॉफ्टवेअर, ते भराभर पोचवून तूट भरून काढायचा. तिकडे लिनक्सही हरवलेले टिक स्वतःच भरून घ्यायचा. दोघांनी एकच तूट भरली की घड्याळ पुढे जायचं, आणि वर नेटवर्कवरून वेळ जुळवणारं एनटीपी लावलं की तेही गोंधळून जायचं. लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणारी केर्बेरॉस यंत्रणा मुळात पाच मिनिटांपर्यंतचीच तफावत खपवून घेते, त्यामुळे अशा गेस्टमध्ये लॉगिनच बंद पडायचं.

मुंबईला दोन घड्याळं नवी नाहीत. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही इथे सुमारे 39 मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइम कित्येक दशकं चालू राहिला. पण तो फरक ठरलेला होता, म्हणून निभावलं. गेस्ट आणि होस्ट यांच्यातला फरक सतत बदलायचा आणि गेस्टला त्याची गंधवार्ताही नसायची.

म्हणूनच माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण म्हणजे गेस्टला ‘तू गेस्ट आहेस’ हे सरळ सांगून टाकणं. झेन या हायपरव्हायझरने ही वाट आधी धरली. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरमध्ये 2008 च्या 2.6.26 कर्नेलबरोबर (लिनक्सच्या गाभ्याबरोबर) केव्हीएम-क्लॉक आलं. होस्ट मेमरीच्या एका सामाईक तुकड्यात तीन गोष्टी लिहून ठेवतो: वेळ, त्या क्षणीचा टीएससी आणि गुणक. गेस्ट आपला टीएससी वाचतो, फरकाला गुणकाने गुणतो आणि वेळ काढतो. सोबत एक आवृत्ती क्रमांक असतो. तो विषम दिसला तर होस्टचं लिहिणं अर्धवट आहे असं समजून गेस्ट पुन्हा वाचतो. टिक मोजायची गरजच उरली नाही.

हार्डवेअरही सुधारलं. 2008 च्या नेहालेमपासून इंटेलचा टीएससी प्रोसेसरचा वेग बदलो की प्रोसेसर झोपो, एकाच गतीने चालतो. प्रश्न उरला तो चालू गेस्ट एका सर्व्हरवरून वेगळ्या गतीच्या सर्व्हरवर हलवण्याचा. त्यासाठी गेस्टला दिसणारा टीएससी हार्डवेअरमध्येच कमीजास्त करण्याची सोय एएमडीने 2011 च्या बुलडोझरमध्ये दिली, इंटेलच्या सर्व्हरवर ती स्कायलेकच्या पिढीत आली.

अचूक वेळ आता नियमातही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळवावी लागतात. एक खाच मात्र अजून शिल्लक आहे. गेस्ट गोठवून काही तासांनी उठवला की तो जुनीच वेळ घेऊन उठू शकतो, आणि क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बहुतेक लिनक्समध्ये सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांपुरतीच मोठी उडी मारू देतो. त्यानंतर वेळ हळूहळू सरकवत राहतो. असे गेस्ट सांभाळणाऱ्यांनी क्रोनीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मेकस्टेप 1 -1’ करून ठेवावं, म्हणजे एका सेकंदापेक्षा जास्त फरक दिसला की तो केव्हाही उडी मारू देतो.