शड्डू हॉकीच्या टर्फवरचा

कोल्हापुरात मेजर ध्यानचंद स्टेडियमवर सामना बघत होतो. उजव्या बगलेवरच्या चपळ फॉरवर्डकडे लांबून पास निघाला. मागून सहा फुटी, आडदांड बॅक पाय आपटत धावत आला. पोरानं क्षणभर मान वळवली आणि चेंडू स्टिकखालून सटकून बाहेर! बॅकनं त्याला बोटही लावलं नव्हतं. "चेंडू बघ की लेका, त्याला कशाला बघतोयस!" मागच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं.

सगळं शास्त्र त्या ओरडण्यात आलं. पास सेकंदाला 15 मीटर वेगानं येत असेल, तर 0.2 सेकंदात चेंडू 3 मीटर सरकतो. डोळ्यांना दिसल्यावर हात हलायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. नजर तेवढी ढळली की चेंडूची शेवटची उसळी हुकलीच. आणि मेंदू धोक्याकडे आधी वळतो, तिथं आपल्या इच्छेचं फारसं चालत नाही.

पैलवान शड्डू ठोकतो तोही समोरच्याला असाच धाक दाखवायला. युरोपातल्या रेड डिअर हरणांचे नरसुद्धा माजाच्या दिवसांत आधी ओरडून, मग शेजारी शेजारी चालून एकमेकांना जोखतात. शिंगांची झुंज अगदी शेवटी, कारण जखम जिंकणाऱ्यालाही महागात पडते.

आइस हॉकीत अंगाची धडक नियमात बसते. म्हणून तिथं 'एन्फोर्सर' नावाचा पेशाच उभा राहिला: आपल्या खेळाडूला कुणी त्रास दिला, की त्याला धडा शिकवणारा दांडगा. कॅनडातल्या एडमंटनच्या संघात आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झ्कीला कुणी हात लावला, की गाठ डेव्ह सेमेन्कोशी. 1988 साली ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसच्या संघात गेला, तेव्हा त्याच सौद्यात मार्टी मॅकसोर्ली हा दुसरा दांडगाही गेला! पण या पेशाची किंमत भयंकर. डेरेक बुगार्ड हा एन्फोर्सर 2011 साली अवघ्या 28व्या वर्षी गेला. डोक्याला वारंवार मार बसणाऱ्यांत आढळणारा सीटीई हा विकार त्याच्या मेंदूत सापडला.

आपल्या हॉकीत धडक म्हणजे फाउल. हिरवं कार्ड 2 मिनिटं बाहेर बसवतं, पिवळं किमान 5 मिनिटं, आणि तेवढा वेळ संघ दहा जणांवर. त्यामुळे इथं दांडगा खेळाडू धडकण्यापेक्षा धडकेल असं वाटण्यावरच जास्त कमावतो, असं मला वाटतं.

दुसऱ्या हाफात त्याच पोराकडे पुन्हा पास आला. या वेळी त्यानं चेंडू निघण्याआधीच मागं बघून घेतलं, मग मान खाली. पाय आपटल्याचा आवाज आला, तरी नजर हलली नाही. चेंडू स्टिकला चिकटला, पोरगं आत वळलं. वेगात आलेलं जड अंग वळवायला बळही तेवढंच लागतं. बॅक दोन पावलं पुढं निघून गेला.