सिरियम

विरल मृत्तिका (एकमेकांशी गुणधर्मांनी मिळत्याजुळत्या धातूंचा गट) गटातील धातुरूप मूलद्रव्य. अणुक्रमांक ५८, अणुभार १४०.१२, वितळबिंदू सु. ७९५° से.; घनता सु. ६.८ ग्रॅ./घ. सेंमी. धातू करडा व मऊ असून चाकूने कापता येतो. हवेत लवकर काळवंडतो व खरवडल्यास ठिणग्या उडतात. भूकवचातील त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सु. ६० ते ७० भाग, म्हणजे साधारण तांब्याइतके आहे. लँथॅनाइड मालेतील (लँथॅनमपासून सुरू होणाऱ्या, सिरियम ज्यात येते त्या मालेतील) बहुतेक मूलद्रव्ये त्रिसंयुजी आहेत. सिरियम चतुःसंयुजीही होते व त्यामुळे सोबतच्या मूलद्रव्यांपासून ते तुलनेने सहज वेगळे काढता येते.

शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. स्वीडनमधील बास्टनेस खाणीतील जड खनिजाकडे स्वीडिश खनिजविज्ञ क्रॉनस्टेट यांनी १७५१ मध्ये लक्ष वेधले होते. त्यात टंगस्टन असावे असा समज होता, पण रसायनज्ञ शेले यांना ते आढळले नाही. १८०३ मध्ये बर्झीलियस व हिसिंगर यांनी स्वीडनमध्ये आणि क्लाप्रोट यांनी बर्लिनमध्ये, स्वतंत्रपणे, याच खनिजातून नवे ऑक्साइड मिळवले. सिरीस या १८०१ मध्ये सापडलेल्या लघुग्रहावरून स्वीडिश संशोधकांनी सुचवलेले नाव टिकले. बहुधा म्हणूनच अनेक ग्रंथांत श्रेयही त्यांनाच दिलेले दिसते. वस्तुतः दोन्हीकडचे ऑक्साइड मिश्रण होते. मोसांडर यांनी १८३९ मध्ये त्यातून लँथॅनम वेगळे काढले. तेव्हा १८०३ हे वर्ष मूलद्रव्याची चाहूल लागल्याचे आणि १८३९ हे त्याची ओळख पटल्याचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. बऱ्यापैकी शुद्ध धातू हिलब्रँड व नॉर्टन यांनी १८७५ मध्ये विद्युत् विच्छेदनाने मिळवला.

खानदेशापुरते पाहिले तर जळगाव, धुळे व नंदुरबार हे तेथील जिल्हे मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टाचे व तापीच्या गाळाचे. बेसाल्टात सिरियम अल्पांशानेच असते. धातुक (धातू काढण्याजोगे खनिज) म्हणून त्याचा उपयोग नाही. मात्र नंदुरबारच्या उत्तरेस, नर्मदेपलीकडे गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातील अंबाडोंगर येथे कार्बोनेटाइट (मुख्यतः कार्बोनेट खनिजांचा अग्निज) खडक आहे. भूवैज्ञानिक सुखेश्वाला व उदास यांनी १९६३ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. त्याचे वय सु. साडेसहा कोटी वर्षे, म्हणजे जवळजवळ दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकाइतके धरले जाते. तेथे बास्टनेसाइट हे सिरियमचे खनिज आढळते. भारतातील प्रत्यक्ष पुरवठा अजून किनाऱ्यावरील वाळूतील मोनॅझाइट या खनिजावर अवलंबून आहे.

खानदेशाला या मूलद्रव्याचा परिचय झाला तो गॅसबत्तीमुळे. वराती, यात्रा आणि तमाशाचे फड यांना वीज येईपर्यंत, काही गावांत त्यानंतरही, तिचाच उजेड असे. बत्तीचे मेंटल म्हणजे थोरियम व सिरियम यांच्या नायट्रेटांत भिजवलेली सुती वा कृत्रिम धाग्याची जाळी. पहिल्यांदा पेटवली की धागा जळून जातो आणि ऑक्साइडांचा सांगाडा उरतो. वरातीत बत्तीला धक्का लागला की मेंटल गळून पडे ते त्यामुळे. ऑस्ट्रियन रसायनज्ञ आउअर फोन वेल्सबाख यांनी १८९१ च्या सुमारास ठरवलेले प्रमाण थोरियम ऑक्साइड ९९ टक्के व सिरियम ऑक्साइड १ टक्का असे आहे. एवढ्याशा सिरियमने प्रकाश का वाढतो, याविषयी दोन मते होती. सिरियम ऑक्साइड ज्वलनास उत्प्रेरक ठरून जाळीचे तापमान वाढवते, हे जुने मत. जर्मन भौतिकीविज्ञ रूबेन्स यांच्या मापनांनंतर (१९०५) निवडक उत्सर्जनाचे मत प्रबळ झाले व तेच ग्राह्य वाटते : थोरियम ऑक्साइड अवरक्त प्रारण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) फारसे सोडत नाही, त्यामुळे जाळी तापलेली राहते, दृश्य प्रकाश मुख्यतः सिरियममुळे मिळतो. सिरियम वाढवले तर अवरक्त प्रारणही वाढते, जाळी थंडावते आणि उजेड उतरतो. थोरियम किरणोत्सर्गी असल्याने पुढे अनेक उत्पादकांनी त्याऐवजी इट्रियम वापरले.

सिगारेट लायटरमधील ‘दगड’ हा सिरियमयुक्त मिश्रधातू व लोखंड यांचा असतो. हा शोधही वेल्सबाख यांचाच (१९०३). स्वयंपाकघरातल्या खटक्याच्या गॅस लायटरमध्ये मात्र दाबविद्युत् स्फटिक (दाबल्यावर विजेची ठिणगी देणारा) असतो, सिरियम नव्हे. सिरियम ऑक्साइडाने चष्म्याची भिंगे व आरसे घासून चकचकीत करतात. मोटारींच्या धूरनळीतील उत्प्रेरकात ते ऑक्सिजन साठवते व सोडते. खनिज तेलाच्या भंजनासाठी (मोठे रेणू तोडून लहान करण्यासाठी) लँथॅनम व सिरियम झिओलाइटात (सूक्ष्म पोकळ्यांच्या सिलिकेट खनिजात) बसवतात. हे झिओलाइट कारखान्यात बनवलेले असतात. सावदा व जळगाव परिसरातील बेसाल्टाच्या पोकळ्यांत मिळणारे स्टिल्बाइटासारखे नैसर्गिक झिओलाइट संग्राहकांकडेच जातात.